आधी गार, मग तापलेली

अगं, तू पाठवलेले जुन्या पिकअपचे फोटो पाहिले. रंग छान आहे, टायर नवे दिसतायत, मागच्या हौद्यात ओरखडासुद्धा नाही. पण फोटोत गिअरबॉक्स दिसत नाही, आणि तू जे लाखो रुपये मोजायला निघाली आहेस त्यातला सगळ्यात महागडा धोका तिथेच दडलेला असतो. तुझ्या भावोजींच्या गॅरेजचे हिशेब मी सांभाळते, त्यामुळे कुठल्या दुरुस्तीला किती आकडा लागतो ते माझ्या वहीत रोज उमटतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायची वेळ आली की त्या पानावरचा आकडा वाचणाऱ्या मालकाचा चेहरा बघवत नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. कंटाळू नकोस.

ऑटोमॅटिकच हवी, हा तुझा हट्ट मला पटलाय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर श्रीराम चौकातल्या गर्दीत क्लच दाबत बसायचं म्हणजे शिक्षाच. अडचण एवढीच, की आपल्या भागात पिकअप म्हटलं की बोलेरो, योद्धा नाहीतर दोस्त, सगळ्या क्लचच्या. डिझेल, पिकअप आणि ऑटोमॅटिक असं तिन्ही एकत्र मागितलंस तर जुन्या गाड्यांच्या बाजारात दोनच नावं समोर येतात. एक इसुझूची व्ही-क्रॉस, जिला १.९ लिटर इंजिनाबरोबर ऑटोमॅटिक २०१९ मध्ये मिळाली, आणि दुसरी टोयोटाची हायलक्स, जी आपल्याकडे आलीच २०२२ मध्ये. म्हणजे कल्याण-उल्हासनगर पट्ट्यात या गाड्या मोजक्या, त्या नीट ओळखणारे हात त्याहून मोजके. कोपऱ्यावरचा मिस्त्री क्लचप्लेट डोळे मिटून बदलेल, पण या गिअरबॉक्सवर त्याचं मत घेऊन निर्णय करू नकोस. तो वाईट माणूस नाही, त्याच्या हाताखालून ही चीज गेलेलीच नसते.

दोन्ही गाड्यांत सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक आहे. तू शेजारच्यांची एएमटी चालवून बघितलीस ना, ती वेगळी. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. म्हणून ती गिअर बदलताना मान हलवते आणि तो तिचा स्वभाव आहे. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीचा तो स्वभाव नाही. विकणारा तुला हमखास म्हणणार, ‘मॅडम, ऑटोमॅटिक में इतना झटका तो रहता ही है.’ ऐकून घे, मान डोलाव, आणि विश्वास ठेवू नकोस.

आता या गिअरबॉक्सचं मर्म सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. इथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पायाने दाबायचा क्लच नसतो, तेल असतं. इंजिनाची ताकद कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जाते. आतल्या क्लचप्लेटचे गठ्ठे दाबून धरायचे तेही तेलाच्या दाबाने. थंड ठेवायचं काम तेच करतं, वंगणही तेच. गार असताना हे तेल जरा घट्ट असतं. आतली रबरी सीलं झिजलेली असली तरी घट्ट तेल त्यांतून फार निसटत नाही, दाब टिकतो आणि गाडी शहाण्यासारखी चालते. तेच तेल तापून पातळ झालं की निसटायला लागतं, दाब पडतो, प्लेटा घसरतात. उलट काही दुखणी गार असतानाच दिसतात. अडकलेला व्हॉल्व्ह तेल गरम झालं की मोकळा होतो आणि दोष झाकला जातो. म्हणजे गाडी दोन्ही वेळा बघायला हवी, आधी गार आणि मग चांगली तापलेली. डीलरच्या दारातून निघून चौकापर्यंत दहा मिनिटांची चक्कर मारली, तर दोन्हींतलं काहीच दिसत नाही. विकणाऱ्याला तेच हवं असतं.

म्हणून जायच्या आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट सांग, ‘मी सकाळी लवकर येते, गाडी सुरू करून ठेवू नका.’ गेलीस की नमस्कार-चमत्काराच्या आधी बॉनेटवर तळहात ठेव. कोमट लागला तर गोड हसून दुसऱ्या दिवशीची वेळ माग. ‘बॅटरी डाउन होती म्हणून जरा चालू केली होती’ असं कुणी म्हणालं तर मला जास्तच शंका येते. बॅटरी काढून पुन्हा जोडली की काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने शिकून ठेवलेलं बरंच काही पुसलं जातं, आणि मग गिअर खडबडीत पडले तर म्हणायला कारण तयार, ‘बॅटरी नवी आहे, दोन दिवसांत सेट होईल.’

स्टिअरिंगवर तू बस. तुझ्या अहोंना शेजारी बसव. डीलर बोलणार मात्र सगळं त्यांच्याशीच, त्याला इलाज नाही. तू कान गाडीकडे ठेव. एसी बंद, गाणी बंद, खिडकी खाली.

इंजिन सुरू केलंस की मिनिटभर थांब. गार डिझेल इंजिनाचा आरपीएम थोडा चढलेला असतो, तो खाली बसू दे. मग ब्रेक घट्ट दाबून पी मधून आर मध्ये टाक आणि मनात ‘एक’ म्हण. ‘एक’ म्हणून होईपर्यंत गाडीने किंचित अंग टाकून गिअर पकडला पाहिजे. तिथून एन, मग डी, पुन्हा तेच. दोन म्हणून झाले, तीन म्हणून झाले आणि मग ‘धप्’ करून पकडली, तर आत दाब उशिरा तयार होतोय. रिव्हर्सकडे जास्त लक्ष दे. पुढे छान पळणाऱ्या पण रिव्हर्सला आळशीपणा करणाऱ्या गाड्या असतात, आणि जुनी गाडी बघताना रिव्हर्स कुणी फारसा तपासत नाही. एखाद्या सोसायटीच्या पार्किंगचा उतार मिळाला तर त्यावर मागे चढवून बघ.

त्याच उतारावर पार्किंगचा खटकाही बघून घे. गाडी उभी कर, पी मध्ये टाक, हँडब्रेक लावू नकोस आणि ब्रेकवरचा पाय हळूच सोड. गाडी दोन-चार बोटं सरकून अडली तर ठीक, कट-कट आवाज करत घरंगळायला लागली तर लगेच ब्रेक दाब. मागेपुढे माणूस नाही याची खात्री करूनच हे कर. एरवी उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक आणि मग पी, हा क्रम कायमचा लावून घे, म्हणजे दोन टनी गाडीचं सगळं वजन त्या एका खटक्यावर टांगलेलं राहत नाही.

मग रस्त्यावर ये. विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूची, श्रीराम चौकातली रांगती गर्दी या कामाला उत्तम. एरवी आपण तिला शिव्या घालतो, पण एक-दोन, दोन-एक असे गिअर पुन्हापुन्हा पडायला अशी गर्दीच लागते. पाय अगदी हलका ठेव. गिअर बदलला हे आरपीएमचा काटा खाली आल्यावरच कळावं, पाठीला कळू नये. थांबायच्या बेतात गाडी मंद होत असताना दोनातून एकात येते, तेव्हा मागून कुणी लाथ मारल्यासारखा धक्का बसतो का बघ.

इथे एक गोष्ट मात्र न्यायाने बघायला हवी. पिकअपला मागे पाटे असतात, लांब शाफ्ट असतो, शाफ्टच्या सांध्यांना क्रॉस असतात. क्रॉस सैल झाला किंवा इंजिनाचं माउंटिंग बसलं, तरी डी-आर करताना ‘ठक्’ ऐकू येतं आणि दोष गिअरबॉक्सला लागतो. क्रॉस, माउंटिंग ही किरकोळ कामं आहेत. गाडी रॅम्पवर घेतल्यावर शाफ्ट हाताने पिळून बघितला की सैलपणा लगेच सापडतो. तसंच टर्बोचा पाइप फुटलेला असेल तर गाडी ओढत नाही आणि लोक म्हणतात गिअर घसरतोय. फरक काट्यावर दिसतो. इंजिनातच दम नसेल तर आरपीएमही रेंगाळत चढतो. गिअरबॉक्स घसरत असेल तर आरपीएम तरातरा वर जातो, इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र जागच्या जागी असल्यासारखी. हे दुसरं दिसलं की पुढचं काही तपासायची गरज नाही, चावी परत दे.

गर्दीतून बाहेर पडून नेवाळी नाक्यावरून काटई-बदलापूर रस्त्याला लाग. ट्रॅफिक पाहून, मोकळं मिळेल तिथे साठ-सत्तरच्या वेगाने पाय स्थिर ठेवून चालव. या वेगाला कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच जुळतो आणि इंजिन-गिअरबॉक्स थेट जोडले जातात. तो बिघडत आला असेल तर बारीक थरथर जाणवते, टोलनाक्याआधीच्या रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी. पण रस्ता तर गुळगुळीत असतो. थरथर आली की पाय किंचित उचल. लगेच थांबली आणि पाय ठेवताच परत आली, तर टायरचं बॅलन्सिंग नव्हे, हाच क्लच. यातलं थोडं दुखणं कधी कधी नुसतं योग्य तेल बदलल्यानेही बरं होतं. पण ‘कधी कधी’वर तू लाखभर रुपये लावू नयेस असं माझं मत आहे. नंतर एकदा अ‍ॅक्सिलरेटर पटकन खोल दाब. गाडीने क्षणभरात एक-दोन गिअर खाली येऊन झेप घ्यायला हवी. व्ही-क्रॉसच्या बीएस-सहा इंजिनात ३६० न्यूटन-मीटरचा टॉर्क आहे, हायलक्सच्या ऑटोमॅटिकमध्ये ५००. एवढी ओढ सहन करतात त्या आतल्या क्लचप्लेटाच, म्हणून जोर लावल्यावर त्या घसरतात की नाही हे बघणं महत्त्वाचं.

यावरून आठवलं. आधीच्या मालकाने इंजिन रिमॅप केलंय का, टायर मूळ मापाचेच आहेत का, मागे ट्रेलर ओढायचा हूक लावलाय का, हे विचार. हौशी लोकांना या गाड्या फार आवडतात आणि हौशी लोक त्यांना स्वस्थ बसू देत नाहीत. वाढवलेला टॉर्क आणि मोठे टायर यांचा भार अखेर गिअरबॉक्सवरच येतो. पाट्यांमध्ये जादा पाटा घातलेला दिसला तर ही गाडी हौसेला नव्हे, ओझ्याला जुंपलेली होती असं समज.

बदलापूरला पोहोचलीस की परत फिर आणि अंबरनाथमधून ये. निघाल्यापासून तासभर तरी झालेला असू दे. आता गाडी खरी तापली. लगेच बंद करू नकोस. पुन्हा ब्रेक दाबून पी, आर, एन, डी. सकाळी ‘एक’ म्हणताच पकडणारी गाडी आता दोन-तीन म्हणायला लावते का? सकाळी गुळगुळीत पडणारा दुसरा-तिसरा गिअर आता पडताना इंजिन मध्येच हुंकारतं का? सकाळ आणि आत्ता यांत फरक नसेल तर अर्धी लढाई जिंकलीस. फरक असेल तर डीलर उन्हाला दोष देईल. मे महिन्यात आपल्याकडे सगळ्याच गाड्या तापतात, सगळ्याच घसरत नाहीत.

यानंतरचं काम रॅम्पवर. विकणारा गाडी रॅम्पवर न्यायला नकार देत असेल तर तिथेच राम राम. बऱ्याच आधुनिक गिअरबॉक्सना तेल बघायची डिपस्टिक नसते. खाली चेक प्लग असतो आणि तेल ठरलेल्या तापमानाला आणून, इंजिन चालू ठेवून पातळी बघायची असते. त्यामुळे हे जाणत्या माणसाकडूनच करून घे. तेल थोडं पांढऱ्या कागदावर घे. नवं तेल लाल, पारदर्शक. वापरलेलं तपकिरीकडे झुकतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काळं आणि जळका वास येणारं असेल तर प्लेटांचं अस्तर जळलंय. आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधी दिसलं तर आत पाणी शिरलंय. एक तर तेल गार करणारा कूलर फुटून रेडिएटरचं पाणी मिसळलंय, नाहीतर गाडी पुरात बुडालेली आहे.

पुराचं आपल्याला सांगायला नको. २६ जुलै २००५ तू विसरली नसशील, आणि २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पाण्यात बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, ते टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पाणी घुसलं. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या गावात विकल्या जातात. एमएच-०५ ची पाटी आहे म्हणून ती कल्याणच्याच अंगणात वाढली असंही नाही, मधली वर्षं दुसऱ्या गावात काढून परत आलेली असू शकते. गिअरबॉक्सला हवा घ्यायला एक बारीक नळी असते. पाणी तिथपर्यंत चढलं की आत जातं, आणि प्लेटांवर चिकटवलेलं अस्तर पाण्याने सुटायला लागतं. त्या दिवशी गाडी चालते, पुढच्या पावसापर्यंत चालेलच असं नाही. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ आहे का बघ, सीटखालच्या पट्ट्यांचा गंज बघ, कार्पेट उचलून वास घे. विम्याचा इतिहासही माग. आणि बंद पडली तेव्हा कुणी दोरी बांधून ओढत नेली होती का, तेही विचार. इंजिन बंद असलं की या गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, आणि चाकं जमिनीवर फिरत राहिली तर आतले भाग कोरडे घासतात. अशा गाडीला फ्लॅटबेडच हवा.

स्कॅनर लावल्याशिवाय परत येऊ नकोस. दिवा पेटलेला नाही म्हणजे आजार नाही असं नसतं. पी०७०० हा कोड म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने हाक मारलीय. पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण चुकतंय, अर्थात कुठेतरी घसरतंय. पी०७४१ म्हणजे लॉक-अप क्लचची तक्रार. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही स्कॅनर दाखवतो. आकडा पाच-दहा किलोमीटरचा असेल तर कुणीतरी कालच पुसलेत. तेलाचं तापमान दिसत असेल तर तेही बघ. साधारण ८० ते १०० अंश ठीक, सपाट रस्त्यावरून आलेली गाडी १२० च्या वर असेल तर कूलरचं काहीतरी बिघडलंय.

कुणी ‘स्टॉल टेस्ट’ करून दाखवतो म्हणाला तर हौसेने हो म्हणू नकोस. ब्रेक पूर्ण दाबून, डी मध्ये, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत, आणि आरपीएम कुठे थांबतो ते कंपनीच्या आकड्याशी ताडायचं, अशी ती परीक्षा. पाच सेकंदांवर गेली की तेल भाजून निघतं, आणि ब्रेक सुटला तर समोरची भिंत. ती चाकांखाली ठोकळे लावून, कंपनीचं मॅन्युअल समोर ठेवून करायची गोष्ट आहे. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर बऱ्याचदा आरपीएम आधीच रोखून धरतो, मग तो आकडा काहीच सांगत नाही. मी तर म्हणते वगळच. तासभर चालवून जे कळतं ते पुरेसं आहे.

फोर बाय फोर असेल तर तेही चालवून बघ, पण मातीच्या मैदानात. कोरड्या डांबरावर फोर हाय लावून वळवलीस तर चांगली गाडीही अडखळते, आणि तू उगाच घाबरशील.

सर्व्हिसच्या कागदांत एकच ओळ शोध: गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं आणि कुठलं घातलं. ‘लाइफटाइम ऑइल है, बदलना नहीं पड़ता’ हे तुला चार जण सांगतील. कुणाचं लाइफटाइम, ते विचार. गाडी घेतलीस तर पहिलं काम कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं तेल बदलणं. साधं गिअर ऑइल किंवा ‘लालच तर आहे’ म्हणून कुठलंही घालू द्यायचं नाही. एका वेळी सगळं निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही हजार किलोमीटरांनी परत एकदा. खालचं पॅन उघडलं की चुंबकावरची राखाडी साय बघ. साय चालते. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे चालत नाहीत.

पांढऱ्या पाटीची गाडी आहे हेही लक्षात असू दे. नर्सरीची तुझी चार रोपं नेशील, पण भाड्याने माल वाहायचा विचार असेल तर ही गाडी तुझी नाही. कागदांचं म्हणशील तर फॉर्म २९ आणि ३० दोन्हींवर मालकाची सही पैसे देतानाच घे, आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी व फॉर्म ३५ सुद्धा.

शनिवारी सकाळी साडेसातला अहोंना घेऊन माझ्याकडे ये, मिळून जाऊ. बोलणं मी करते, गाडी तू चालव. तोवर डीलरने ‘दुसरं गिऱ्हाईक बसलंय’ म्हणून कितीही घाई केली तरी टोकनचा एक रुपयाही मोबाइलवरून पाठवू नकोस.